टोगॅफ, झॅकमन की सरकारचं इंडईए? बुटीबोरीच्या कंपनीत एंटरप्राइझ आर्किटेक्चर सुरू करायचंय, नेमकं काय धरू?

बुटीबोरी_आयटी

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहून राहिलो, पण सगळी परिस्थिती सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका मध्यम ग्रुपचं आयटी पाहतो. शेतीचे पाइप अन् फिटिंग बनवतो आम्ही. तीन प्लांट आहेत, एक बुटीबोरीला, एक हिंगण्याला अन् एक छत्तीसगडात, तो तीन वर्षांआधी विकत घेतला. माणसं साधारण 900, त्यात आयटीचे आम्ही 6 जण. छत्तीसगडचा प्लांट आला तेव्हा त्यांचं सॉफ्टवेअरही सोबत आलं अन् ते अजून तसंच चालू आहे. हिंगण्याचं तर 2009 मध्ये एका प्रोग्रामरने लिहून दिलेलं, तो आता या लाइनमध्येच नाही, पण सॉफ्टवेअर रोज चालते अन् रोज त्यावर गाड्या निघतात. बुटीबोरीला इआरपी आहे, म्हणजे हिशोब, स्टॉक, विक्री सगळं एकात सांभाळणारं सॉफ्टवेअर. हे झालं अधिकृत, बाकी वजनकाटा, गेटपास, पंचिंग, ट्रान्सपोर्टरचा हिशोब, डिलरच्या स्कीम, हे सगळं कुठे कुठे कोणाकोणाच्या एक्सेलमध्ये आहे ते मलाही पूर्ण माहीत नव्हतं.

मागच्या सीझनला एक डिलर बसला, म्हणजे त्याचा धंदा बुडाला. तिन्ही प्लांटकडून त्याने उधारीवर माल उचलला होता, प्रत्येक सिस्टिममध्ये तो लिमिटच्या आतच दिसत होता, तिन्हीकडचं एकत्र केलं तर लिमिटच्या अडीच पट. एमडी साहेबांनी मिटिंगमध्ये एवढंच विचारलं की या माणसाकडे आपले एकूण किती पैसे आहेत. ते उत्तर द्यायला आम्हाला 9 दिवस लागले. कारण तिन्हीकडे त्याचं नाव वेगळं, कोड वेगळा, एका ठिकाणी तर पत्ता पण जुना. मी त्या 9 दिवसांत नीट झोपलो नाही, खरं सांगतो.

त्यानंतर साहेबांनी ठरवलं की आता एंटरप्राइझ आर्किटेक्चर करायचं, म्हणजे धंदा, डेटा अन् सॉफ्टवेअर एकमेकांशी कसे जोडलेत याचा नकाशा काढून पुढचं ठरवायचं. दोन कन्सल्टंट येऊन गेले. एक म्हणे टोगॅफ, सगळे फेज करू, 9 महिने लागतील, आधी तुमच्या टीमला ट्रेनिंग द्या. दुसरे म्हणे झॅकमनचे 36 खाने भरून घ्या, मग सगळं दिसेल. माझा आतेभाऊ सरकारी प्रोजेक्टवर आहे, तो म्हणते आपल्या देशाचं इंडईए (इंडिया एंटरप्राइझ आर्किटेक्चर) आहे ना, तेच वापर, फुकट आहे. मी तिन्ही वाचायला घेतले अन् डोकं गरगरायला लागलं, कारण हे एकमेकांशी कसे ताडून पाहायचे तेच समजून नाही राहिलं.

माझे प्रश्न: यांच्यात खरा फरक काय, आमच्याएवढ्या कंपनीला कोणतं झेपेल, अन् सर्टिफिकेट करायलाच लागते का?

मिहानवाला

चांगला प्रश्न. मी 14 वर्षं हेच काम करतोय, आधी पुण्यात, आता नागपुरात परत येऊन. तुमचा गोंधळ होतोय कारण या तीन गोष्टी एका जातीच्या नाहीतच. एकाच तराजूत टाकल्या की गोंधळ होणारच.

झॅकमन आधी घेतो कारण तो सगळ्यात जुना. जॉन झॅकमन आयबीएममध्ये होते, 1987 मध्ये त्यांच्या सिस्टिम्स जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. त्यांनी बांधकाम अन् विमानं बनवणाऱ्यांचे नकाशे पाहिले आणि म्हणाले की सॉफ्टवेअरमध्येही असंच असायला हवं. समजा तुम्ही बेशाला प्लॉट घेतला. तुमच्या डोक्यात घर आहे ते "तीन खोल्या, पुढे अंगण, आईची खोली खाली". आर्किटेक्ट त्याचा प्लॅन काढतो, इंजिनिअर कॉलम-बीमचं ड्रॉइंग काढतो, मग सळाख बांधणाऱ्याला वेगळा कागद लागतो. घर एकच, पण चारही जणांचा कागद वेगळा, आणि आईच्या खोलीचं चित्र दाखवून कोणी सळाख बांधू शकत नाही. झॅकमनच्या ओळी म्हणजे ही माणसं. आणि उभे खाने म्हणजे प्रश्न: काय, कसं, कुठे, कोण, केव्हा आणि का, आपल्या भाषेत काहून. सुरुवातीला पहिले तीनच होते, बाकीचे तीन 1992 मध्ये जॉन सोवा यांच्यासोबतच्या लेखात आले. सहा गुणिले सहा, म्हणून 36.

आता यात काय नाही ते महत्त्वाचं. आधी कोणता खाना भरा, नंतर कोणता, भरल्यावर काय करा, हे झॅकमन सांगत नाही. ते वर्गीकरण आहे, पद्धत नाही. तुमचे दुसरे कन्सल्टंट 36 च्या 36 खाने भरायला सांगत असतील तर तीन प्लांटसाठी ते काम संपणार नाही, आणि संपलं तोवर पहिला खाना जुना झालेला असेल. पण प्रश्न विचारायला झॅकमनसारखं दुसरं काही नाही, हे मी मनापासून सांगतो. तुमच्याकडे उधारीचं जे झालं ते "काय" या खान्यात मालकाच्या ओळीवर अडकलेलं आहे. डिलर म्हणजे काय हेच तिन्ही प्लांटनी वेगळं धरलंय.

टोगॅफ ही पद्धत आहे. द ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 1995 मध्ये पहिली आवृत्ती काढली, पाया अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या टाफिम नावाच्या कामाचा. त्याचा जीव म्हणजे एडीएम (आर्किटेक्चर डेव्हलपमेंट मेथड), टप्प्याटप्प्याने फिरायचं ते गोल चक्र. आधी तयारी, मग व्हिजन, मग बिझनेस, मग डेटा आणि ॲप्लिकेशन, मग टेक्नॉलॉजी, मग काय काय प्रोजेक्ट करायचे, कोणत्या क्रमाने जायचं, काम होताना लक्ष ठेवायचं आणि पुढे बदल सांभाळायचे. मधोमध रिक्वायरमेंट, प्रत्येक टप्प्यात तिकडे परत यायचं. लोक हे चक्र एकदाच फिरवायचं समजतात आणि म्हणून 9 महिन्यांचा प्लॅन बनतो. टोगॅफमध्येच लिहिलंय की स्वतःच्या संस्थेला जुळवून घ्या, काटछाट करा. 2022 ला दहावी आवृत्ती आली, त्यात मूळ भाग वेगळा आणि मार्गदर्शिका वेगळ्या अशी मांडणीच केली, की स्थिर ते एकीकडे आणि जागेनुसार बदलणारं ते दुसरीकडे.

तुमच्यासाठी मी म्हणेन एक छोटं चक्र फिरवा, विषय एकच: डिलर आणि त्याची उधारी. पाइपचं उत्पादन, मेंटेनन्स, पगार, काही घेऊ नका त्यात. 8 ते 10 आठवड्यांत बिझनेस ते टेक्नॉलॉजी पूर्ण फिरा. मग दुसरा विषय घ्या. कंपनीच्या आत वापरायला टोगॅफचे पैसे लागत नाहीत, कन्सल्टंटने विकायला वापरलं तर लायसन्सचा प्रश्न येतो.

सर्टिफिकेट टीममधल्या एकाने करावं, फाउंडेशन आणि मग प्रॅक्टिशनर. सहाच्या सहा जणांना बसवायची गरज नाही. त्याचा फायदा एवढाच की बाहेरच्या माणसाशी बोलताना शब्द एक होतात.

परसोडी_डेव्ह

भाऊ मी थोडं वेगळं बोलतो, राग नका मानू. मी आयटी पार्कच्या एका कंपनीत होतो तिथे दीड वर्ष आर्किटेक्चर आर्किटेक्चर चाललं होतं, दोनशेच्या वर डायग्राम काढले, सुंदर रंगीत, प्रत्येकाला नंबर, भिंतीवर पण लावले होते, अन् माझं काम होतं ते अपडेट ठेवायचं. एक दिवस मी मोजलं की सहा महिन्यांत ते किती जणांनी उघडले, तर मी अन् माझा मॅनेजर. बाकी कोणी नाही. डेव्हलपर तर आपल्या मनाने कोड लिहूनच राहिले होते. मले लय वाईट वाटलं होतं त्या दिवशी, कारण मेहनत खरी होती.

म्हणून मी सांगून राहिलो, फ्रेमवर्क नंतर पाहा. आधी एक एक्सेल घ्या अन् त्यात सगळ्या सिस्टिमची नावं लिहा. त्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, गेटपासचं, डिस्पॅचवाल्या पोराच्या लॅपटॉपवरची ती एक फाइल जिच्याशिवाय गाडी निघत नाही, सगळं. प्रत्येकासमोर एवढंच की मालक कोण म्हणजे आयटीवाला नाही, धंद्यातला माणूस कोण, अन् कोणाकडून डेटा घेते, कोणाला देते, बंद पडलं तर किती वेळात कोण ओरडते. हे झालं की तुमचं अर्धं काम झालं.

दुसरी गोष्ट, मेल्विन कॉन्वे नावाच्या माणसाने 1968 ला लिहिलं होतं की कोणतीही संस्था जी सिस्टिम बनवते ती तिच्या आपसातल्या बोलण्याच्या रचनेसारखीच बनते. तुमच्याकडे तीन अकाउंट्स डिपार्टमेंट आहेत ना, तिघं एकमेकांशी बोलत नाहीत ना, म्हणून तीन डिलर मास्टर, म्हणजे डिलरच्या तीन मूळ याद्या आहेत. सॉफ्टवेअरने नाही केलं ते. उद्या तुम्ही एकच इआरपी टाकलं तरी लोक त्यात तीन कोड उघडतील, मी पाहिलंय हे होताना. मंग टोगॅफ काय करेल त्याला?

मिहानवाला

परसोडी भाऊ, एक्सेलचं पूर्ण मान्य. कॉन्वेचंही मान्य. फक्त एक, टोगॅफमध्ये बिझनेस आर्किटेक्चर टेक्नॉलॉजीच्या आधी आहे ते ह्याच कारणाने. तिघं बोलत नाहीत हे तिथे लिहून निघायला पाहिजे. तुमच्या त्या कंपनीत तो भाग घाईत उरकला असेल असं मला वाटतं, कारण डायग्राम उघडायला कोणी येत नाही तेव्हा बहुतेक वेळा ते कोणाच्या निर्णयासाठी काढलेलेच नसतात.

परसोडी_डेव्ह

हो, बरोबर बोलले. निर्णयासाठी नव्हतेच. ऑडिटसाठी होते.

धरमपेठ_डेटा

सगळ्यांचं वाचलं. मी मास्टर डेटाचं, म्हणजे ग्राहक, माल अशा मूळ याद्या एकसारख्या ठेवायचं काम करते, त्यामुळे मला तुमच्या प्रश्नात फ्रेमवर्कपेक्षा डिलर जास्त दिसतोय, त्यावरच लिहिते, थोडं सविस्तर.

तुम्हाला कोणीतरी सांगेल की सोपं आहे, जीएसटी नंबर घ्या, तो युनिक असतो, त्यावर जोडा. तसं करू नका. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा 27, छत्तीसगडचा 22, मध्य प्रदेशचा 23, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. म्हणजे ज्या डिलरचं गोदाम नागपुरात आणि राजनांदगावलाही आहे त्याचे दोन जीएसटी नंबर होणार, आणि तुमच्या सिस्टिमला ते दोन वेगळे डिलर दिसणार. टॅक्ससाठी ते बरोबरच आहे, बिल त्या त्या नंबरवरच फाटायला पाहिजे. पण उधारीसाठी तो एकच माणूस आहे. मग म्हणाल पॅनवर जोडू. त्यातही अडचण, कारण पॅनचं चौथं अक्षर पाहा, पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर फर्म, सी असेल तर कंपनी, एच असेल तर एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. आपल्याकडचे बरेच डिलर एक दुकान स्वतःच्या नावावर आणि दुसरं भावासोबत भागीदारीत चालवतात. पॅन दोन, गल्ला एक. आणि गावातला छोटा दुकानदार, ज्याचा जीएसटी नंबरच नाही, त्याचं काय?

म्हणून "डिलर" हा एक शब्द तीन गोष्टींसाठी वापरला जातोय हे आधी मान्य करायला लागेल. बिल कोणाच्या नावावर, माल कुठे उतरणार, आणि पैसे बुडाले तर कोणाच्या दारात जायचं. तिसरं जे आहे ते कोणत्याही सरकारी नंबरमध्ये सापडत नाही, ते तुमच्या फिरतीवरच्या सेल्सच्या माणसाला माहीत असतं. त्याच्याकडून काढून घ्या आणि कुठेतरी एका जागी लिहा. मिहानवाले सर म्हणतात तो झॅकमनचा "काय" खाना म्हणजे हेच काम आहे, आणि मी पैजेवर सांगते की यावर तिन्ही प्लांटची माणसं दोन दिवस भांडतील. भांडू द्या. ते भांडण आत्ता झालेलं बरं.

आणि अजून एक, फ्रेमवर्क निवडायच्या आधी एमडी साहेबांना एक प्रश्न विचारा. एमआयटीच्या संशोधकांनी कंपन्यांचे चार प्रकार मांडलेत, दोनच प्रश्नांवर: वेगवेगळ्या युनिटना एकमेकांचा डेटा किती लागतो, आणि त्यांची कामाची रीत किती सारखी असायला हवी. दोन्ही कमी असेल तर प्रत्येकाला आपलं चालू द्या. दोन्ही जास्त असेल तर सगळं एकच करा. रीत सारखी पण डेटा वेगळा, जसं एकाच ब्रँडच्या शाखा. आणि चौथं, डेटा सगळ्यांचा एक पण कामाची रीत आपापली. तुम्ही मला या चौथ्यात वाटता. छत्तीसगडच्या प्लांटची डिस्पॅचची रीत तिथल्या रस्त्यांप्रमाणे, तिथल्या ट्रान्सपोर्टरप्रमाणे असेल, ती बदलून काय मिळणार? पण डिलर आणि उधारी एक हवी. हे उत्तर साहेबांकडून लेखी घ्या. कारण कन्सल्टंट बहुतेक "सगळं एकच करा" हेच सांगतील, तो सगळ्यात मोठा प्रोजेक्ट असतो, आणि तुम्हाला त्याची गरज असेलच असं नाही.

सिव्हिल_लाइन्स_प्रोजेक्ट

इंडईएबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, मी सरकारी बाजूला काम केलंय.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने 2018 मध्ये ते आणलं. कल्पना अशी की नागरिकाला सरकार एकच दिसावं, तो दहा खात्यांच्या दहा खिडक्यांवर तेच कागद घेऊन फिरू नये. त्यात आठ रेफरन्स मॉडेल, म्हणजे सगळ्यांनी वापरायचे ठरलेले नमुने आहेत: बिझनेस, ॲप्लिकेशन, डेटा, टेक्नॉलॉजी, परफॉर्मन्स, सिक्युरिटी, इंटिग्रेशन आणि गव्हर्नन्स. टोगॅफशी त्याचं वैर नाही, उलट त्याची पद्धत टोगॅफच्या जवळचीच आहे. अमेरिकेत सरकारसाठी वेगळं फेडरल फ्रेमवर्क आहे, 1996 च्या क्लिंगर-कोहेन कायद्यानंतर खात्यांना आर्किटेक्चर ठेवणं भाग पडलं आणि 1999 मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. तिकडेही रेफरन्स मॉडेलचाच विचार होता: सगळ्या खात्यांनी एकाच यादीतले शब्द वापरले तर कोणती दोन खाती तेच काम दोनदा करताहेत ते दिसतं.

तुमचे आतेभाऊ चुकीचं सांगत नाहीत, पण ते ज्या अडचणीसाठी बनलंय ती तुमची नाही. तिथे शेकडो खाती, वेगवेगळी बजेटं, कोणी कोणाचा बॉस नाही. तुमच्याकडे एक एमडी आहेत आणि त्यांनी ठरवलं तर उद्या सकाळी होईल. फक्त दोन गोष्टी तिथून उचला. एक परफॉर्मन्सचं मॉडेल, म्हणजे हे सगळं करून कोणता आकडा बदलणार ते आधीच लिहा. तुमच्या बाबतीत तो आकडा तुम्हीच दिलाय, 9 दिवस. तो किती करायचा ते लिहा. दुसरं इंटिग्रेशन वेगळं मांडणं. बहुतेक लोक ते ॲप्लिकेशनच्या पोटात टाकतात आणि मग दोन सिस्टिमच्या मधल्या जोडाला कोणी वाली राहत नाही. तुमच्या तीन सिस्टिम राहणारच असतील तर जोडच महत्त्वाचा.

बुटीबोरी_आयटी

सगळ्यांचे खूप खूप आभार. लगेच उत्तर नाही दिलं कारण मला काहीतरी करून मगच लिहायचं होतं. आज तीन आठवडे झाले.

परसोडी भाऊंची एक्सेल केली. मला वाटत होतं 15-16 सिस्टिम निघतील. 38 निघाल्या. त्यातल्या 11 ला धंद्यातला मालकच सापडला नाही, म्हणजे चालतात, रोज वापरतात, पण ही कोणाची असं विचारलं की सगळे माझ्याकडे पाहतात. एक फाइल निघाली जी डिस्पॅचचा एक मुलगा रोज रात्री हाताने भरतो, त्यात कोणत्या डिलरला गाडी द्यायची नाही अशी नावं आहेत. ती यादी त्याने सेल्सच्या माणसांना फोन करून करून स्वतःच्या मनाने बनवलेली. म्हणजे ताई, तुम्ही म्हणता तो तिसरा प्रकार, कोणाच्या दारात जायचं, तो आमच्याकडे लिहिलेला होता, फक्त एका पोराच्या लॅपटॉपवर. त्या बसलेल्या डिलरचं नाव त्या यादीत होतं. दोन महिने आधीपासून होतं. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो. त्या मुलाला कोणी कधी विचारलंच नाही.

मी झॅकमनचे सहा प्रश्न एक्सेलमध्ये उभे टाकले, फक्त मालकाच्या ओळीसाठी, 36 नाही. काय, कसं, कुठे, कोण, केव्हा भरले गेले, कमी-जास्त. काहूनचा खाना सगळ्यात रिकामा राहिला. हिंगण्याला एक रिपोर्ट दर शनिवारी निघते, तीन प्रती, एक फाइलमध्ये लागते, काहून ते कोणालाच माहीत नाही.

एमडी साहेबांना चार प्रकार दाखवले, त्यांनी पाच मिनिटांत चौथ्यावर बोट ठेवलं अन् म्हणाले डिलर अन् पैसे एक, बाकी प्लांटवाल्यांना आपलं करू द्या. मी ते मेलवर मागवून घेतलं.

आता दोन प्रश्न. डायग्राम काढायला टूल विकत घ्यायचं का, कन्सल्टंटने एकाचा कोटेशन दिलाय तो फार आहे. अन् 38 सिस्टिमचं करायचं काय, सगळ्या एकदम हातात घेता येत नाहीत.

मिहानवाला

तुमच्या त्या डिस्पॅचच्या मुलाला या कामात घ्या. आजच.

टूल आत्ता विकत घेऊ नका. आर्किमेट नावाची चित्रभाषा आहे, मूळ नेदरलँड्समधली, आता ओपन ग्रुपकडे आहे. ती फ्रेमवर्क नाही, फक्त खुणांची भाषा, चौकोन म्हणजे काय आणि बाण म्हणजे काय हे ठरवून दिलेलं, म्हणजे टोगॅफ धरा की झॅकमन, चित्र सारखंच वाचता येतं. धंदा, ॲप्लिकेशन, टेक्नॉलॉजी असे थर आहेत. त्यासाठी आर्ची नावाचं टूल फुकट आहे, ओपन सोर्स, विंडोजवर चालतं, तुमच्या 38 सिस्टिमला भरपूर झालं. पण साहेबांसमोर आर्किमेट नेऊ नका. त्यांना एक पान, त्यावर तीन प्लांट, तीन डिलर मास्टर, आणि पैसे कुठे लपले होते ते लाल रंगात.

38 चं काय करायचं त्याला गार्टनर या आयटी संशोधन कंपनीची एक साधी विभागणी आहे, मी नेहमी वापरतो. दोन गोष्टी पाहायच्या, धंद्याला किती कामाची आणि तांत्रिक तब्येत कशी. दोन्ही चांगलं तर पैसे लावा. कामाची पण तब्येत खराब तर हलवा, नवीन जागी न्या, तुमचं हिंगण्याचं 2009 चं इथे येईल. तब्येत ठीक पण फार कामाची नाही तर चालू द्या. दोन्ही वाईट तर बंद करा. तो शनिवारचा रिपोर्ट एक महिना काढू नका आणि पाहा कोण विचारायला येतं.

परसोडी_डेव्ह

मी म्हणतो रिपोर्ट थांबवण्याआधी स्टॅच्युटरी, म्हणजे कायद्याने लागणारा आहे का तेवढं सीएला विचारून घ्या. तीन प्रती अन् फाइल म्हणजे कधीकाळी कोणत्यातरी इन्स्पेक्शनसाठी सुरू झालेला असू शकते.

अन् भाऊ, 38 चं वाचून खरंच छान वाटलं. माझे दोनशे डायग्राम गेले त्यापेक्षा तुमची ही एक एक्सेल कामाची आहे. फक्त तिला मालक द्या, नाही तर तीही वर्षभरात जुनी होईल. कोणती नवीन सिस्टिम घ्यायची असेल तर आधी या यादीत ओळ भरा मंगच पीओ (खरेदीची ऑर्डर) निघेल, असं पर्चेसशी बोलून ठेवा. आर्किटेक्चर बोर्ड वगैरे नंतर, हे एवढं आधी.

धरमपेठ_डेटा

पर्चेसचं परसोडीवाले अगदी बरोबर बोलले, गव्हर्नन्स तिथेच जिवंत राहतं.

माझ्याकडून एकच. डिलरचा एक कोड कुठे जन्मणार ते ठरवलं का? तिन्ही सिस्टिम राहणार म्हणता, तर नवीन डिलर एकाच जागी उघडला पाहिजे आणि तिथून बाकी दोनकडे गेला पाहिजे. तिथला माणूस कोण, आणि शनिवारी संध्याकाळी सेल्सवाला म्हणाला की गाडी भरून उभी आहे, डिलर नवीन आहे, आत्ताच कोड पाहिजे, तर कोण देणार? याचं उत्तर नसेल तर पहिल्याच सीझनला लोक जुन्या सिस्टिममध्ये गुपचूप कोड उघडतील.

बुटीबोरी_आयटी

ताई, तिथेच गाडी अडली आहे. बुटीबोरीचं अकाउंट्स म्हणते कोड आम्हीच उघडू. छत्तीसगडचे अकाउंट्सवाले काका, 26 वर्षं तिथे आहेत, ते म्हणतात आमचा डिलर आम्ही ओळखतो, नागपूरला बसून तुम्ही काय ओळखणार. अन् त्यांचं खोटं नाही, तुम्ही लिहिलं तसं कोणाचा भाऊ कोण, कोणाचं दुकान कोणाच्या नावावर, हे त्यांना तोंडपाठ आहे.

म्हणून मी असं मांडणार आहे की कोड नागपूरला जन्मेल, पण कोण कोणाच्या गटातला हे ठरवायचा अधिकार ज्या प्लांटचा डिलर त्या प्लांटच्या अकाउंट्सचा. उधारीची लिमिट गटावर, कोडवर नाही. अन् शनिवारच्या गाडीसाठी तात्पुरता कोड, फक्त रोखीवर, उधारी शून्य, सोमवारी पक्का होईपर्यंत. 9 दिवसांचा आकडा एक दिवस करायचा असं लिहिलंय, तो साहेबांनी मान्य केला.

सोमवारी तिकडे चाललो. तो डिस्पॅचचा मुलगा सोबत येतोय, त्याची यादी घेऊन. आधी काकांसमोर ती यादी ठेवणार अन् विचारणार की यात काय राहिलं. फ्रेमवर्कचं नाव तिथे काढणारच नाही. परत आलो की काय झालं ते इथे लिहितो.